सायबर कॅफेतल्या कॉम्प्युटरवर पासवर्ड मॅनेजर उघडावा का?

तुम्ही विचारलंय की, प्रवेशाचे फॉर्म भरायला सायबर कॅफेत बसावं लागतं, सगळे पासवर्ड मॅनेजरमध्ये (म्हणजे पासवर्ड सांभाळून ठेवणाऱ्या ॲपमध्ये) आहेत, एकही पाठ नाही. मग तिथेच मॅनेजरच्या साइटवर लॉगिन करून, काम झालं की लॉगआउट केलं तर चालेल का? माझ्या मते नाही चालणार. मॅनेजर स्वतःच्या फोनवरच उघडा, लागणारा एकच पासवर्ड बघा आणि तेवढाच कॅफेतल्या कीबोर्डवर टाइप करा. त्रासाचं आहे, मान्य. पण एका खोलीचं कुलूप काढायला घरातल्या किल्ल्यांचा अख्खा जुडगा कोणी अनोळखी माणसाच्या हाती देत नाही.

मी एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबची व्यवस्था बघते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामातला आहे आणि मुलांचं यात नुकसान होऊ नये असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मास्टर पासवर्ड, म्हणजे मॅनेजर उघडायचा पासवर्ड, गेला तर बाकीचे सगळे जातात, आणि सार्वजनिक मशीनवर तो चोरणं अवघड नाही. कीलॉगर नावाचा प्रोग्राम दाबलेली प्रत्येक कळ नोंदवून ठेवतो. त्याचा दुसरा प्रकार म्हणजे पेनड्राइव्हसारखी दिसणारी छोटी वस्तू. ती कीबोर्डची वायर आणि सीपीयू यांच्यामध्ये बसवतात, आणि अँटिव्हायरसला तिचा पत्ताही लागत नाही. न्यूयॉर्कमध्ये एका तरुणाने किंकोज या झेरॉक्स-प्रिंटच्या दुकानांतल्या कॉम्प्युटरवर असे प्रोग्राम टाकून ४५० हून अधिक लोकांचे यूजरनेम-पासवर्ड गोळा केले होते. २००३ मध्ये त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. हे करणारा दुकानात येणारा बाहेरचा माणूस होता. म्हणूनच ‘कॅफेवाले काका ओळखीचे आहेत’ हा भरवसा इथे कामाचा नाही. काकांच्या रजिस्टरमध्ये आधीच्या गिऱ्हाइकाचं नाव असतं, त्याने मशीनवर काय करून ठेवलं ते नसतं.

‘पण मी टू-फॅक्टर लावलंय’, म्हणजे पासवर्डनंतर ओटीपीही लागतो, असं मुलं मला हमखास सांगतात. ते लावलेलं चांगलंच आहे. चोराला उद्या दुसरीकडून लॉगिन करायचं असेल तर ते त्याला अडवेल. पण कॅफेत ओटीपी टाकून तिजोरी उघडणारे तुम्ही स्वतःच असता. त्या क्षणी सगळे पासवर्ड उलगडलेल्या रूपात त्याच मशीनच्या मेमरीत येतात आणि मशीन बिघडवलेलं असेल तर तिथूनच उचलले जातात. पेनड्राइव्हवर कीपास हा पासवर्ड मॅनेजर घेऊन फिरणाऱ्यांनाही हेच लागू आहे. २०२३ मध्ये कीपासमध्ये अशी त्रुटी सापडली होती की प्रोग्राम लॉक केल्यानंतरही मेमरीतून मास्टर पासवर्ड, पहिलं अक्षर सोडून, जवळजवळ पूर्ण परत मिळवता येत होता. २.५४ आवृत्तीत ती दुरुस्त केली गेली. कीपास हा चांगलाच प्रोग्राम आहे. पण मशीन दुसऱ्याचं असेल तर चांगल्या प्रोग्रामचाही इलाज चालत नाही.

इन्कॉग्निटो विंडोने फक्त हिस्टरी आणि कुकीज मागे राहत नाहीत, कीलॉगरला त्याने काही फरक पडत नाही. स्क्रीनवरचा कीबोर्ड वापरला तर स्क्रीनचे फोटो घेणारे प्रोग्राम आहेत. कॉपी-पेस्ट केलं तर क्लिपबोर्ड वाचणारे आहेत. शिवाय मागे उभा असलेला माणूस आहेच. सायबर कॅफेंसाठी २०११ चे जे केंद्र सरकारचे नियम आहेत, त्यांत पार्टिशन साडेचार फुटांपेक्षा उंच नसावं आणि उघड्यावरच्या कॉम्प्युटरचे स्क्रीन सगळ्यांना दिसतील असे बाहेरच्या बाजूला असावेत असं सांगितलंय. म्हणजे तिथे आडोसा मिळणार नाही हे धरूनच बसायचं. फोनवरचा पासवर्डसुद्धा हाताच्या आडोशाने बघा.

तुमचा मॅनेजर म्हणजे गूगलचाच असेल, म्हणजे पासवर्ड क्रोममध्ये सेव्ह केलेले असतील, तर एक धोका लक्षातही येत नाही. कॅफेतल्या क्रोममध्ये तुमचं खातं जोडलं गेलं आणि सिंक चालू झालं, तर सगळे पासवर्ड त्या मशीनवर येऊन बसतात. तुम्ही फक्त मेल बघायला गेलेले असता. म्हणून क्रोमची गेस्ट विंडो उघडूनच बसा. ‘पासवर्ड सेव्ह करू का’, ‘या डिव्हाइसवर पासकी (पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली) तयार करू का’ असं काहीही विचारलं तरी नाही म्हणा.

पासवर्ड टाइपच करावा लागणार नसेल तर सगळ्यात उत्तम. गूगल खात्याला २०२३ पासून पासकी लावता येते. कॅफेच्या स्क्रीनवर क्यूआर कोड येतो, तो फोनने स्कॅन करायचा आणि बोटाचा ठसा द्यायचा. गुपित फोनमध्येच राहतं, कीलॉगरच्या हाती काही लागत नाही. यासाठी कॉम्प्युटरला ब्लूटूथ लागतं आणि कॅफेतल्या जुन्या डेस्कटॉपना ते बऱ्याचदा नसतं, ही अडचण आहेच. आणि पासकीने आत गेलात तरी उघडलेलं खातं त्या ब्राउझरमध्येच असतं, त्यामुळे लॉगआउट विसरू नका. बाहेर पडल्यावर फोनवरून खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन तो डिव्हाइस काढून टाका. व्हॉट्सॲप वेब उघडलं असेल तर ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मधूनही तो काढा.

प्रवेशाच्या पोर्टलला पासवर्डच टाइप करावा लागेल. त्या एका खात्यासाठी मॅनेजरला २० वेड्यावाकड्या चिन्हांऐवजी चार-पाच शब्दांचा पासवर्ड बनवायला सांगा. फोनवर बघून तो न चुकता टाइप होतो आणि ताकदीलाही पुरेसा असतो. कॅफेतून निघालात की फोनवरून तो पासवर्ड बदला. तिथे टाइप केलेला पासवर्ड वापरून संपला असंच समजायचं.

माझा खरा सल्ला मात्र याच्याही अलीकडचा आहे. फॉर्म फोनवरच भरता येतो का ते आधी बघा. ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडली की बरीच पोर्टलं नीट चालतात. तयार झालेली पीडीएफ ओटीजी (थेट फोनला जोडता येणाऱ्या) पेनड्राइव्हवर टाकायची, त्या पेनड्राइव्हवर दुसरं काही ठेवायचं नाही, आणि कॅफेत फक्त प्रिंट काढायची. लॉगिनचा प्रश्नच राहत नाही.

ई-आधार कॅफेत डाउनलोड करायचं शक्यतो टाळाच, आधार देणाऱ्या यूआयडीएआयचंही तेच सांगणं आहे. ती फाइल डाउनलोड्समध्ये तशीच राहते आणि तिचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्माचं वर्ष. तुम्हाला ओळखणाऱ्या कोणालाही तो काढता येईल. डाउनलोड केलीच असेल तर रिसायकल बिनमधूनही काढून मग उठा. जिथे चालत असेल तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

आता फोनच बंद पडला किंवा हरवला तर? गूगलचे बॅकअप कोड, म्हणजे ओटीपीऐवजी चालणारे कोड, आधीच काढून ठेवा. एका वेळी दहा मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. त्यातले दोन कागदावर लिहून पाकिटात ठेवा, खात्याचं नाव त्या कागदावर लिहू नका. अशा वेळी कॅफेपेक्षा भावाचा, मैत्रिणीचा फोन कधीही बरा. अगदीच नाइलाज होऊन मास्टर पासवर्ड तिथे टाकावा लागला, तर भरवशाचं मशीन हाती येताच तो बदला आणि मॅनेजरमधून सगळी सेशन बंद करा. तेवढ्यावर मात्र थांबू नका, कारण आतले पासवर्ड तोवर कोणी उतरवून घेतलेले असू शकतात. ते एकेक करून बदला: आधी ईमेलचा, कारण बाकी सगळ्यांचे रीसेट तिथेच येतात, मग बँकेचा, मग उरलेले. खात्यातून पैसे गेलेले दिसले तर पासवर्ड बदलत बसण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.