पडदा चांगला, दाब चांगला, मग मधलंच का दिसत नाही?

प्रश्न : वडील ५७ वर्षांचे, निपाणीजवळ शेती करतात. चार महिन्यांपासून दोन्ही डोळ्यांना समोरच्याचा चेहरा पुसट दिसतो, कडेचं मात्र दिसतं. चष्मा बदलला, फरक नाही. डोळ्यांचा दाब १४ आणि १५, मोतीबिंदू नाही, पडदा नॉर्मल. फील्ड टेस्टमध्ये (नजर कुठवर पोचते ते मोजणारी तपासणी) मधोमध डाग आला, तर डॉक्टर ‘परत नीट द्या’ म्हणाले. तंबाखू खातात, दारूही घेतात. पुढं काय करावं?

उत्तर : टेस्ट परत द्यावीच, पण ‘१०-२’ प्रकारची मागा. नेहमीच्या ‘२४-२’ मध्ये प्रकाशाचे ठिपके एकमेकांपासून ६ अंशांवर असतात, इथं २ अंशांवर. मधला बारीक डाग इथंच नीट उमटतो. रिपोर्टच्या कागदावर नजर हलल्याचं प्रमाण २० टक्क्यांपुढं किंवा ठिपका नसताना दाबलेली बटणं १५ टक्क्यांपुढं असली, तर त्या निकालावर विसंबू नका. पापणी खाली आली की वरचा भागही खोटाच काळा येतो.

घरी एक करून बघा. एक डोळा झाकून, नेहमीचा चष्मा लावून बाटलीचं लाल झाकण नाकासमोर धरा, मग नजर समोरच ठेवून झाकण बाजूला सरकवा. समोर विटकरी आणि बाजूला लालभडक दिसलं, तर दोष बहुधा डोळ्याच्या नसेत आहे.

काचबिंदू सहसा असा सुरू होत नाही. तो आधी नाकाकडची बाजू किंवा वरखाली कमानीसारखा पट्टा खातो. दोन्ही डोळ्यांत सारखाच, मधोमध, न दुखता आलेला डाग तंबाखू, दारू आणि बी-१२ च्या कमतरतेकडे बोट दाखवतो. म्हणून बी-१२ आणि फोलेट (हेही एक जीवनसत्त्व) तपासायला रक्त आधी द्या, बी-१२ चं इंजेक्शन नंतर. उलट झालं तर रिपोर्टला अर्थ उरत नाही. बी-१२ न तपासता नुसतं फोलेट घेणंही घातक, रक्त सुधारतं आणि नस बिघडत राहते. तंबाखू आणि दारू मात्र आजच थांबवा. दारू रोजची असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

टीबीसाठी इथॅम्ब्युटॉल चालू आहे का, हे न विसरता सांगा; ते औषधही डोळ्याच्या नसेला इजा करू शकतं. असेल तर टीबीच्या डॉक्टरांना त्याच दिवशी गाठा. वडिलांच्या आईकडच्या नात्यात कुणाची नजर अशीच गेली होती का, तेही सांगा; नसेचा असा एक आजार आईकडून येतो.

ओसीटीत (पडद्याचे थर दाखवणारं स्कॅन) नसेचा थर सुरुवातीला नॉर्मल येऊ शकतो, त्यावर निर्धास्त होऊ नका. डाग उभ्या मध्यरेषेवर कापल्यासारखा थांबत असेल, दोन डोळ्यांत मोठा फरक असेल किंवा कारणच सापडत नसेल, तर मेंदू आणि डोळ्यांच्या नसांचा कॉन्ट्रास्टसह एमआरआय करावा लागतो. अचानक नजर गेली, किंवा डोकेदुखीसोबत चावताना जबडा दुखू लागला, तर वाट न बघता बेळगाव किंवा कोल्हापूरच्या मोठ्या रुग्णालयात तातडीच्या विभागात न्या.

कारण लवकर सापडलं तर नजर काही महिन्यांत बरीच परत येऊ शकते. रंग मात्र सावकाश येतात.