कंपनीतलं ट्रेनिंग आणि टपरीवरचं शिकणं, दोन्हीची सांगड कशी घालायची?

तुम्ही म्हणता क्लासरूम ट्रेनिंग होतं पण पोरं खरं शिकतात ती एकमेकांना विचारूनच, मग हे दोन्ही जोडायचं कसं. मी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीत मशीन शॉपला आहे, बारा-तेरा वर्षं झाली, तेवढ्यावरून सांगतो.

आमच्याकडे आधी उलटंच केलं. एचआरने 'नॉलेज शेअरिंग' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, त्यात मॅनेजरही. दोन महिने नुसती गुड मॉर्निंगची फुलं. ऑपरेटर लोकांचा खरा ग्रुप वेगळाच आहे, मी त्यात नाही, नसलेलंच बरं.

डोळे उघडले ते एका रिजेक्शनने. मे महिना, शेडमधे भट्टी, नव्या अप्रेंटिसने 100 मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब, म्हणजे पीस, लेथवर टर्निंग करून गरम असतानाच माईक (मायक्रोमीटर, साईज मोजायचं साधन) लावला, साईज बरोबर दिसली, तशीच लॉट काढली, आणि क्यूसीच्या (तपासणीच्या) एसी रूममधे सगळे पीस अंडरसाईज. पीस माईकपेक्षा 20 डिग्रीने गरम असला तर 100 मिमीला 23 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) आसपास जास्त दाखवतो ना भाऊ, थंड झाला की गेला. गंमत म्हणजे "मोजमाप 20 डिग्रीला" हे ट्रेनिंगच्या स्लाईडवर होतं, पोराने पेपरात लिहिलंही होतं. आणि टपरीवर जुने लोक म्हणतातच, "आधी चहा पिऊन ये, मग मोज." दोन्ही एकच गोष्ट आहे हे त्याला कोणी सांगितलंच नाही.

म्हणून आता शनिवारी अर्धा तास मशीनपाशीच बसतो. आठवड्यात जे बिघडलं त्यातलं एकच घ्यायचं, जुना ऑपरेटर करून दाखवतो, मग पोराकडून करून घेतो, असं का होतं ते मी शेवटी सांगतो. तोच पीस गरम आणि थंड मोजून वहीत लिहायचा, आणि युक्ती ज्याची त्याचं नाव वर. हे नावाचं झेरॉक्सकडून उचललं. त्यांचे कॉपी मशीन दुरुस्त करणारे मेकॅनिक मॅन्युअलमधे नसलेले फॉल्ट एकमेकांना किस्से सांगून सोडवायचे, हे ज्युलियन ऑर नावाच्या संशोधकाने 1980च्या दशकात त्यांच्यासोबत फिरून पाहिलं, आणि पुढे कंपनीने युरेका नावाचा टिप्सचा डेटाबेस केला, तिथे टिप आधी दुसरे मेकॅनिक तपासायचे आणि देणाऱ्याचं नाव सोबत राहायचं.

हां, तो अर्धा तास टारगेटमधून वजा करून घ्या, नाहीतर जुना माणूस घड्याळाकडे बघत दोन वाक्यात उरकतो. आम्हाला ते मंजूर करून घ्यायलाच चार महिने लागले.