ताटातून काढायचं की ताटातलं मोजायचं?

वजन कमी करण्याबद्दल या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आहेत: कार्ब्ज (म्हणजे कर्बोदकं, धान्यातलं पिष्ट आणि साखर) कमी करावेत की कॅलरी मोजाव्यात? सारखे प्रश्न एकत्र करून त्यांची उत्तरं देत आहोत.

प्रश्न : माझं वय ४२, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. काम बैठं. एक मैत्रीण कार्ब्ज बंद करून बारीक झाली, दुसरी ॲपमध्ये घासन् घास नोंदवते. मी कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघींचं वजन उतरलं ते एकाच कारणाने. शरीराला लागते त्याहून कमी ऊर्जा पोटात गेली. एकीने ती मोजून कमी केली, दुसरीने न मोजता. भात, पाव, साखर, बिस्किटं ताटातून गेली की त्यांच्याबरोबर बऱ्याच कॅलरीही जातात. त्यांची जागा प्रथिनांनी आणि भाज्यांनी घेतली तर भूकही आटोक्यात राहते. कार्ब्ज कमी करण्यातली जादू एवढीच आहे, आणि ती काही कमी नाही.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस्तोफर गार्डनर आणि सहकाऱ्यांनी ६०९ जणांवर वर्षभर केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांनी स्निग्ध पदार्थ कमी केले, निम्म्यांनी कार्ब्ज. कॅलरीची मर्यादा कुणालाच घातली नव्हती. पहिल्या गटाचं वजन सरासरी ५.३ किलोंनी उतरलं, दुसऱ्याचं ६ किलोंनी. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक धरण्याजोगा नाही. खरी गंमत सरासरीच्या आत आहे. दोन्ही गटांत काहींचं वजन वीस किलोंच्या वर उतरलं आणि काहींचं चक्क वाढलं. म्हणजे पद्धत कोणती यापेक्षा ती कोणाला पेलली, याने जास्त फरक पडला.

म्हणून मैत्रिणींकडे बघू नका, स्वतःच्या ताटाकडे बघा. तीन दिवस, त्यातला एक सुट्टीचा, काहीही न बदलता खाल्लेलं-प्यायलेलं सगळं लिहून काढा. जास्तीचं खाणं गोड पेयं, बिस्किटं, मिठाई, भाताची दुसरी वाढणी यांतून येत असेल तर कार्ब्ज कमी करणं सोपं पडेल, मोजायचा उपद्व्याप लागणारही नाही. पण तेल, तळलेलं, सुका मेवा, चीज यांतून येत असेल तर कार्ब्ज कापून फारसं काही हाती लागणार नाही. तिथे मोजणंच बरं.

मोजायचं ठरवलंत तर तुमचा हिशेब असा. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं सूत्र स्त्रियांसाठी : वजन गुणिले १०, अधिक उंची गुणिले ६.२५, उणे वय गुणिले ५, उणे १६१. (पुरुषांसाठी शेवटी १६१ वजा न करता ५ मिळवायचे.) तुमचं उत्तर येतं साधारण १,४००. हा नुसतं पडून राहायचा खर्च. बैठं काम आणि थोडी चाल धरून त्याला १.३ ने गुणलं की सुमारे १,८०० कॅलरी. त्यातून ४०० कमी करा, रोजचे १,४०० उरतात. याहून खाली उडी मारू नका. १,२०० च्या आत प्रथिनं, लोह, कॅल्शियम बसवणं अवघड होतं. प्रथिनं रोज ८० ते ९० ग्रॅम असू द्या, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

यातून आठवड्याला साधारण ३५० ग्रॅम उतरतील. हा आकडा लक्षात ठेवा, कारण शरीरातलं पाणी एकाच दिवसात एक-दीड किलो इकडे-तिकडे होतं आणि पाळीच्या आधी आणखी साठतं. ३५० ग्रॅम त्यात बुडून जातात. रोज सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन करा आणि सात दिवसांची सरासरी मागच्या सरासरीशी ताडून बघा. शक्यतो चार आठवडे झाल्याशिवाय निकाल देऊ नका.

प्रश्न : दीड महिना ॲपमध्ये रोज १,४०० कॅलरीच भरतात, पण काटा हलत नाही. माझी चयापचय क्रिया मंद झाली असेल का?

उत्तर : शंका रास्त आहे, पण बहुतेक वेळा चूक नोंदीत सापडते. १९९२ मध्ये ‘कितीही कमी खाल्लं तरी वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेल्या काहींची न्यूयॉर्कमध्ये तपासणी झाली. त्यांचा ऊर्जेचा खर्च अपेक्षेप्रमाणेच निघाला. खाण्याची नोंद मात्र प्रत्यक्षापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी होती. ही माणसं खोटं बोलत नव्हती. अंदाजाने मोजलं की असंच होतं. (थायरॉइडची तपासणी झाली नसेल तर एकदा करून घ्यायला हरकत नाही. पण त्यामुळे वाढलेलं वजन सहसा थोडंच असतं, आणि त्यातही बरंचसं पाणी.)

सगळ्यात मोठा चोर तेल. एका मोठ्या चमच्यात, म्हणजे १५ मिलिलिटरमध्ये, १२० कॅलरी असतात, आणि बाटलीतून सरळ कढईत ओतताना एक चमचा कधी तीन होतो ते कळत नाही. चमचा बाजूला ठेवा. स्वयंपाकाआधी तेलाची बाटली काट्यावर ठेवा, नंतर पुन्हा ठेवा. जितके ग्रॅम कमी झाले त्याला ९ ने गुणा.

दुसरी चूक कच्च्या आणि शिजलेल्या वजनाची गल्लत. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात सुमारे ३५० कॅलरी, १०० ग्रॅम भातात सुमारे १३०. कच्चे तांदूळ तोलून ॲपमध्ये ‘भात’ निवडला की नोंद एका झटक्यात एक तृतीयांशावर येते.

एकत्र शिजवलेल्या पदार्थाचा हिशेब कसा करायचा, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. रिकाम्या पातेल्याचं वजन एकदाच करून कुठेतरी लिहून ठेवा. समजा २०० ग्रॅम कोरडी डाळ (७०० कॅलरी), ३० ग्रॅम तेल (२७०) आणि २५० ग्रॅम कांदा-टोमॅटो (७५) घातले. एकूण १,०४५. शिजल्यावर पातेल्यासकट वजन करून पातेल्याचं वजा करा. समजा आतलं १,१०० ग्रॅम भरलं, तर एका ग्रॅमला ०.९५ कॅलरी. तुमच्या वाटीत २५० ग्रॅम घेतलं तर झाल्या २४० च्या आसपास. पाणी जास्त घातलं तरी हरकत नाही, वजन वाढतं आणि ग्रॅममागची कॅलरी आपोआप उतरते. यात तेल लिहायचं राहिलं तर त्याच वाटीची नोंद १८० च्या आत येते. दिवसातून चार वेळा असं झालं की अडीचशे कॅलरींना पाय फुटले.

आणि सुट्टीचे दिवस. पाच दिवस ४०० ची तूट म्हणजे २,०००. शनिवारी-रविवारी हजार-हजार जास्त झाले की आठवड्याचा हिशेब शून्य. ॲपमधले पाचही दिवस खरे असतात, म्हणून कोडं पडतं.

दोन आठवडे काटेकोर मोजूनही सरासरी तसूभर हलली नाही, तर ठरवलेला आकडा १०० ते १५० ने कमी करा. सूत्र हा अंदाज असतो, आणि वजन उतरलेल्या शरीराचा खर्चही आधीपेक्षा कमी होतो.

प्रश्न : कार्ब्ज जवळपास बंद केले. दोन आठवड्यांत साडेतीन किलो उतरले, मग तीन आठवडे एक ग्रॅमही नाही. परवा दोन दिवस सगळं खाल्लं तर १.८ किलो परत आले. म्हणजे कार्ब्जनेच वजन वाढतं ना?

उत्तर : आलं ते पाणी, आणि पहिले गेले त्यातलंही बरंचसं पाणीच होतं. शरीर कार्ब्जचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात करतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम, स्नायूंत ४०० च्या आसपास, आणि दर ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. कार्ब्ज तोडले की साठा उतरतो, पाणी सुटतं, वर मूत्रपिंडंही मीठ आणि पाणी जास्त बाहेर टाकतात. डोकं दुखणं, उभं राहिल्यावर चक्कर, पायात गोळे येणं हे पहिल्या आठवड्यातले त्रास त्यामुळेच होतात. रक्तदाबाचा आणि मूत्रपिंडाचा आजार नसेल तर मीठ न तोडता पुरेसं पाणी प्यायलं की बहुधा निभावतं.

१.८ किलो चरबी चढायला गरजेपेक्षा सुमारे १४,००० कॅलरी जास्त पोटात जाव्या लागतील. दोन दिवसांत ते जमणं कठीण! नेहमीचं जेवण सुरू केलं की आठवड्याभरात त्यातलं बरंच उतरेल.

तीन आठवडे वजन का अडलं, ते तुमच्या पत्राच्या शेवटी तुम्हीच लिहिलंय : ‘भूक लागली की बदाम, नाहीतर चीज.’ दुपारचा २०० ग्रॅम भात सोडला, २६० कॅलरी वाचल्या. त्याजागी ६० ग्रॅम बदाम (सुमारे ३५०) आणि ४० ग्रॅम चीज (सुमारे १६०) आले. कार्ब्जच्या हिशेबात तुम्ही पास, कॅलरीच्या हिशेबात अडीचशेने वर.

इतकं टोक गाठायची गरजही नाही. दिवसाला १०० ते १३० ग्रॅम कार्ब्ज बहुतेकांना झेपतात. अंदाजासाठी : १०० ग्रॅम भातात २८ ग्रॅम, मध्यम केळ्यात २७, पावाच्या एका स्लाइसमध्ये १२ ते १५, पेलाभर दुधात १२, चमचाभर साखरेत ४, गोड पेयाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात ३५. आधी गोड पेयं आणि मिठाई बंद, मग बिस्किटं-पाव, मग धान्य निम्मं. डाळी, अख्खी फळं, दूध यांना हात लावू नका. तिथेच लोक कात्री चालवतात, आणि मग बद्धकोष्ठ होतं. सुका मेवा पिशवीतून खायचा नाही, ३० ग्रॅम तोलून वाटीत काढायचा आणि पिशवी फळीवर परत.

लोणी, साय, मांस खूप वाढवून कार्ब्ज तोडले असतील तर तीन महिन्यांनी कोलेस्टेरॉल तपासा. काहींचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, बरंच चढतं.

प्रश्न : घड्याळ सांगतं की व्यायामात ४५० कॅलरी गेल्या. तेवढ्या जास्त खाल्ल्या तर चालेल?

उत्तर : नको. स्टॅनफर्डच्याच २०१७ च्या एका चाचणीत मनगटावरची सात उपकरणं तपासली. नाडीचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, कॅलरींत मात्र सगळ्यात बऱ्या उपकरणाची चूकही सरासरी २७ टक्के निघाली. ७० किलोंच्या माणसाच्या एक किलोमीटर चालण्यात साधारण ५० कॅलरी खर्च होतात, आणि त्यातल्या काही तर बसूनही झाल्या असत्या. वर १.३ ने गुणताना थोडी चाल आधीच धरलेली आहे, ती दुसऱ्यांदा वसूल करू नका.

प्रश्न : मला टाइप २ मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. माझ्यासाठी तरी कार्ब्ज बंद करणं हाच मार्ग ना?

उत्तर : कार्ब्ज कमी केल्याने जेवणानंतरची साखर कमी चढते, म्हणून तुमच्या बाबतीत त्याकडे झुकतं माप द्यायला हरकत नाही. पण तो एकमेव मार्ग नाही. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत, जिचे निकाल २०१७ मध्ये आले, तीन ते पाच महिने रोज फक्त ८२५ ते ८५३ कॅलरींचा द्रव आहार दिला. वर्षअखेरीस ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता. त्या आहारात निम्म्याहून जास्त कॅलरी कार्ब्जमधूनच येत होत्या. काम केलं ते वजन उतरण्याने. (हा आहार देखरेखीखाली होता, घरी करायचा नाही.)

तुमच्यासाठी पहिलं पाऊल ताटात नाही, औषधांच्या यादीत आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या चालू असताना कार्ब्ज एकदम तोडले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस डॉक्टरांकडून आधी बदलून घ्यावा लागतो, नंतर नाही. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या असतील तर कडक कार्ब्जबंदी टाळाच. रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर फारशी वाढलेली नसल्यामुळे तो लक्षातही येत नाही. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय गाठा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर उतरण्याची भीती कमी. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही विचारून घ्या, वजन उतरताना त्या जास्त होऊ शकतात.

थरथर, घाम, धडधड जाणवली की साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यातून घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा.

प्रश्न : मोजायला लागल्यापासून दिवसभर डोक्यात खाणंच असतं. आकडा ओलांडला की दुसऱ्या दिवशी उपास करते.

उत्तर : ॲप आजच काढून टाका. जास्त खाल्लं म्हणून उपाशी राहायचं आणि उपासामुळे पुन्हा जास्त खायचं, हे चक्र एकदा फिरायला लागलं की मोजणं औषधाऐवजी आजार होतं. पूर्वी कधी खाण्याशी असं भांडण झालेलं असेल, तर कार्ब्जबंदीही नको, आणि आहारतज्ज्ञांबरोबर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. तोपर्यंत तीन ठरलेली जेवणं, ठरलेल्या वेळी. ताटाचा अर्धा भाग भाज्या, पाव भाग डाळी, अंडी किंवा मासे, पाव भाग धान्य. वजनकाटा महिनाभर कपाटात.

प्रश्न : ‘साखरविरहित, नेट कार्ब्ज २ ग्रॅम’ असं लिहिलेली चॉकलेटं चालतील का?

उत्तर : नेट कार्ब्ज म्हणजे एकूण कार्ब्जमधून तंतू (फायबर) आणि साखरेचे पर्याय वजा करून उरलेला आकडा. तंतू वजा करणं ठीक. पण वेष्टनावर माल्टिटॉल हा साखरेचा पर्याय दिसला तर तो पूर्ण वजा करू नका. त्यात ग्रॅममागे दोनेक कॅलरी असतात, रक्तातली साखरही थोडी चढते, आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. एरिथ्रिटॉलमध्ये कॅलरी जवळपास नसतात. तरी चॉकलेटातली चरबी तशीच राहते, तेव्हा मागच्या बाजूचा एकूण कॅलरींचा आकडा आधी वाचा.