‘वेल नोन’ चालतं, मग ‘हायली नोन’ का नाही?

कारण इंग्रजीत या जोड्या रूढीने ठरतात. ‘हायली’ मूल्यमापनाच्या क्रियापदांना लागतं: हायली रिगार्डेड, हायली रिस्पेक्टेड. ‘नोन’ म्हणजे फक्त ओळख, त्यात कौतुक नाही. म्हणून त्याला ‘वेल’ (चांगला परिचित) किंवा ‘वाइडली’ (दूरवर परिचित) लागतं. ‘व्हेरी नोन’ चूकच, पण ‘व्हेरी वेल नोन’ बरोबर, कारण तिथे ‘व्हेरी’ हे ‘वेल’ला जोडलेलं आहे.

नावांच्या बाबतीत मात्र खरी गंमत आहे. सॅम्युएल क्लेमन्स ‘बेटर नोन ॲज मार्क ट्वेन’, म्हणजे खऱ्या नावापेक्षा टोपणनाव जास्त माहीत. मुंबई ‘फॉर्मर्ली नोन ॲज बॉम्बे’, कारण 1995 मध्ये अधिकृत नाव बदललं. ‘पॉप्युलर्ली नोन ॲज’चा अर्थ आपल्याकडे हमखास चुकतो. ती व्यक्ती लोकप्रिय आहे असं त्यात म्हटलेलं नाही. लोकांच्या तोंडी ते नाव आहे, एवढंच. नावडत्या माणसालाही ते चालतं.

दोन गोष्टी जपा. नाव सांगताना ‘नोन’नंतर ‘ॲज’ हवं, ‘कॉल्ड’नंतर नको: ‘कॉमनली नोन ॲज’, पण ‘कॉमनली कॉल्ड’. आणि नामाआधी ‘वेल-नोन’मध्ये जोडरेघ येते, ‘वाइडली नोन’मध्ये नाही, ‘ली’ने संपणाऱ्या क्रियाविशेषणांना ती लागत नाही.

‘फेमसली नोन ॲज’ हल्ली सगळीकडे दिसतं. मला ते द्विरुक्त वाटतं, मी टाळतो.