महिला फुटबॉल संघावर पैसे लावणे क्लबला आर्थिकदृष्ट्या परवडते का?

आपल्या प्रश्नाचा रोख असा दिसतो की, बहुतेक क्लबांचे महिला संघ वर्षानुवर्षे तोट्यात असताना मालक त्यांत पैसे घालतात, यामागे काही हिशेब आहे की हा केवळ नाव राखण्याचा खर्च आहे. क्लबांचे वार्षिक हिशेब वाचण्याचा मला जुना नाद आहे, त्यामुळे त्याच अंगाने उत्तर देतो. दरवर्षी नफा हाती यावा या अपेक्षेने कोणी आज यात उतरणार असेल, तर त्याने उतरू नये. मात्र संघाची किंमत वाढेल या अपेक्षेने आणि दहा-बारा वर्षे कळ काढण्याची ऐपत बाळगून उतरणाऱ्या क्लबला हा व्यवहार माझ्या मते फायद्याचा आहे, कारण यात शिरण्यासाठी लागणारे भांडवल अजून आवाक्यात आहे.

आवाक्यात म्हणजे किती, ते खेळाडूंच्या किमतींवरून कळते. जानेवारी २०२५ मध्ये लंडनच्या चेल्सी क्लबने अमेरिकेची बचावपटू नाओमी गिर्मा हिला सुमारे ११ लाख डॉलर मोजून घेतले, तेव्हा कुठे महिला फुटबॉलमध्ये दहा लाख डॉलरांचा टप्पा प्रथमच ओलांडला गेला. पुरुषांच्या बाजारात २०१७ मध्येच एकट्या नेमारसाठी २२.२ कोटी युरो दिले गेले होते. पुरुष संघाची एखादी खरेदी फसली की जेवढी रक्कम बुडते, तेवढ्यात महिला संघ अनेक हंगाम चालू शकतो, आणि तरीही संचालक मंडळाच्या बैठकीत खर्चाचा जाब बहुधा महिला संघालाच विचारला जातो.

तोट्याचा आकडा मात्र फार जपून वाचावा लागतो. शर्टावरील प्रायोजकाचा करार अनेकदा दोन्ही संघांसाठी मिळून एकच असतो. त्यातली किती रक्कम महिला संघाच्या खात्यावर जमा दाखवायची, हे क्लबचा वित्त विभाग ठरवतो. सराव मैदान, वैद्यकीय पथक, तिकीटविक्रीचा कर्मचारीवर्ग यांच्या खर्चाची वाटणीही अशीच होते. एका क्लबने प्रायोजकाच्या रकमेतला मोठा वाटा महिला संघाला दिला आणि दुसऱ्याने काहीच दिला नाही, तर प्रत्यक्ष कारभार सारखा असूनही कागदावर एक संघ तरलेला आणि दुसरा बुडालेला दिसतो. ही वाटणी कशी केली आहे ते कळल्याशिवाय दोन क्लबांच्या तोट्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

याच चेल्सीचे उदाहरण पाहा. २०२४ मध्ये क्लबने आपला महिला संघ स्वतःच्याच मालक कंपनीला सुमारे २० कोटी पौंडांना विकला, आणि त्या व्यवहाराच्या जोरावर २०२३-२४ च्या हिशेबात १२.८४ कोटी पौंडांचा करपूर्व नफा दाखवला. ज्या विभागाला आजवर ओझे म्हटले जात होते, त्यानेच सबंध क्लबचा ताळेबंद सावरला, ही गंमतच म्हणायची. घरातल्या घरात ठरवलेल्या किमतीवर मी एरवी विश्वास ठेवला नसता, आणि युएफा ही युरोपीय फुटबॉलची नियामक संघटनाही अशा विक्रीचे उत्पन्न आपल्या आर्थिक नियमांत धरत नाही; परंतु २०२५ मध्ये रेडिट या संकेतस्थळाचे सहसंस्थापक ॲलेक्सिस ओहानियन यांनी या महिला संघाचा दहा टक्क्यांच्या आतबाहेरचा हिस्सा सुमारे २ कोटी पौंडांना घेतला, तेव्हा बाहेरच्या माणसानेही साधारण तीच किंमत मान्य केली असे म्हणता येते. अमेरिकेतही तोच कल दिसतो. तिथल्या राष्ट्रीय महिला लीगमध्ये नवा संघ उतरवण्याचे शुल्क २०२३ मध्ये ५.३ कोटी डॉलर होते, ते डेन्व्हरच्या संघासाठी २०२५ मध्ये ११ कोटींवर गेले. आणि लॉस एंजेलिसच्या एंजल सिटी क्लबचे नियंत्रण २०२४ मध्ये २५ कोटी डॉलर मूल्यांकनाने हस्तांतरित झाले. ही मूल्यांकने आजच्या उत्पन्नाच्या कितीतरी पुढे धावत आहेत, हा धोका मला खरा वाटतो.

उत्पन्नाचे म्हणाल, तर प्रक्षेपण हक्कांवर सध्या भिस्त ठेवता येत नाही. इंग्लंडच्या महिला सुपर लीगचा २०२५-२६ पासूनचा करार पाच वर्षांसाठी ६.५ कोटी पौंडांचा आहे, वर्षाला १.३ कोटी, आणि ते डझनभर क्लबांत वाटायचे. त्यात पगारही भागत नाहीत. तिकीटविक्रीत मात्र वाव आहे, फक्त मैदानाची निवड विचारपूर्वक करावी लागते. मोठे स्टेडियम उघडले की सुरक्षारक्षक, स्वच्छता, वीज यांचा मोठा खर्च प्रेक्षक कितीही आले तरी होतोच, त्यामुळे सहा-सात हजार प्रेक्षकांसाठी ते उघडणे छोट्या मैदानापेक्षा महाग पडते. लंडनच्याच आर्सेनलने हे टप्प्याटप्प्याने केले: आधी निवडक सामने एमिरेट्स या आपल्या मोठ्या स्टेडियमवर, मग त्यांची संख्या वाढवत नेली, आणि २०२५-२६ पासून लीगचे सगळे घरचे सामने तिथेच ठेवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध तिथे ६०,१६० प्रेक्षक आले होते. ‘या खेळाला प्रेक्षकच नाहीत’ असे म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, डिसेंबर १९२० मध्ये लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० लोक जमले होते, आणि पुढच्याच वर्षी इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या संलग्न क्लबांची मैदाने महिलांना बंद केली, ती जवळपास पन्नास वर्षे. बाजार वाढू न देता तो लहान आहे म्हणणे हे काही अर्थशास्त्र नव्हे.

तरीही प्रत्येक क्लबने यात पडावे असे मी म्हणणार नाही. पुरुष संघच उधारीवर चालत असेल, तर पहिली कुऱ्हाड महिला संघावर पडते. इंग्लंडमधल्या रेडिंग क्लबने २०२४ मध्ये आणि ब्लॅकबर्नने २०२५ मध्ये आपले महिला संघ दुसऱ्या श्रेणीतून काढून घेतले, आणि तोवर त्यांवर लावलेल्या पैशांतले फारसे काही हाती उरले नाही. म्हणून एखाद्या क्लबने मला सल्ला विचारला, तर मी आधी त्याच्या प्रायोजकाच्या कराराची मुदत केव्हा संपते ते पाहीन आणि पुढच्या वेळी महिला संघाचा करार स्वतंत्र करायला सांगेन. संघाचा हिस्सा विकायचा नसेल, तर बाजार त्या संघाची किंमत किती करतो, हे त्याशिवाय कळायला दुसरा मार्ग नाही.