वाचकांचे प्रश्न : परदेशातले तीन आठवडे

प्रश्न : मी नाशिकच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. उन्हाळी सुटीत पंधरा विद्यार्थ्यांना तीन आठवड्यांच्या अभ्यासासाठी नेदरलँड्सला न्यावे, असे प्राचार्यांनी सुचवले आहे. सहकारी याला ‘फुकटची परदेशवारी’ म्हणतात आणि पालकांवर पडणारा खर्च पाहता मलाही संकोच वाटतो. ही जबाबदारी घ्यावी का?

उत्तर : सहकाऱ्यांचा टोमणा अगदीच निराधार नाही. सकाळी एखादे व्याख्यान, दुपारी कालव्यातून बोटीची सफर आणि शेवटी प्रमाणपत्र, एवढीच आखणी असेल तर पालकांचे पैसे वाचवावेत. मात्र आपण स्वतः आखणी करणार असाल, तर जरूर जावे.

काही वर्षांपूर्वी मी अशाच एका गटाबरोबर नेदरलँड्समधील आल्समेर या गावचा फुलांचा लिलाव पाहायला गेलो होतो. तेथे भाव वरून खाली उतरत येतो आणि जो आधी बटण दाबेल त्याला माल मिळतो. गटात निफाड तालुक्यातील कांदा उत्पादकाची मुलगी होती. ट्रॅक्टरमागून ट्रॅक्टर पाहत, मूठभर कांदे हातात घेत व्यापारी बोली चढवत नेतात, हे लासलगावचे दृश्य तिने लहानपणापासून पाहिले होते. तिने मला हळूच विचारले, “सर, भाव उतरतच जाणार असेल, तर शेतकऱ्याने आशा कशावर धरायची?” मला तेव्हा धड उत्तर देता आले नाही. त्या रात्री आम्ही दोघांनीही वाचले, तेव्हा कळले की माल हातचा जाईल या धास्तीने खरेदीदार लवकर बटण दाबतो आणि मुळात ती लिलाव-संस्थाच उत्पादकांची सहकारी संस्था आहे. पुढचे दोन दिवस आमच्या गटात बाजार समितीशिवाय दुसरा विषय नव्हता. वीस वर्षे शिकवलेला धडा मी त्या आठवड्यात नव्याने शिकलो, हा नेतृत्व करणाऱ्याचा लाभ सहसा कोणी मोजत नाही.

नेणाऱ्याला तो देश ओळखीचा असावा. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाने १९२३ साली आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठवले, तेव्हा त्यांना नेणारे प्राध्यापक रेमंड कर्कब्राइड पहिल्या महायुद्धात त्या देशात राहून आलेले होते. आपल्याला तशी ओळख नसेल, तर तेथील एखाद्या शिक्षकाशी आधीच पत्रव्यवहार करून कार्यक्रम दोघांनी मिळून ठरवावा. निघण्यापूर्वी पंधराही जणांना एक सकाळ लासलगावला न्यावे. शहरात वाढलेल्या बहुतेकांनी तो लिलाव पाहिलेला नसतो.

या अभ्यासाचे क्रेडिट धरले जाणार की नाही, याचे लेखी उत्तर विद्यापीठाकडून आधीच घ्यावे. नेदरलँड्ससह युरोपातील बऱ्याच देशांसाठी चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो शेवटच्या पंधरवड्यापर्यंत लांबवू नये. ज्यांच्याकडे पासपोर्ट नाही त्यांनी आजच अर्ज करावा; पासपोर्टच्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडला छापल्या जातात म्हणून त्या नाशिककरांना लवकर मिळतात, असे मात्र नाही.