स्वरतंतूंवर गाठी आहेत, ऑपरेशन टाळता येईल का?

तुम्ही शिक्षिका आहात, दुर्बिणीच्या तपासणीत दोन्ही स्वरतंतूंवर गाठी दिसल्यात. ऑपरेशन लागेल का आणि तोवर कुजबुजत बोलावं का, असं विचारलंय.

बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. बाईच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांवर आपटतात. रोज ओरडून शिकवलं की आपट सर्वात जोरात बसते तिथे घट्टा पडतो, तीच ही गाठ. ती कापली आणि बोलायची पद्धत तीच राहिली, तर पुन्हा होते. म्हणून मी आधी थेरपीच सांगते, म्हणजे बोलायची पद्धत बदलणारे व्यायाम.

कुजबुजू नका. कुजबुजताना बरेच जण गळा आवळतात. हाताच्या अंतरावरच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या हळू, पण खऱ्या आवाजात बोला. महिनाभर मौन धरूनही सवय सुटत नाही.

घरी करायचा मुख्य व्यायाम स्ट्रॉचा. अर्ध्या भरलेल्या बाटलीत स्ट्रॉचं टोक दोन-तीन सेंटिमीटर बुडवा, ओठ मिटून स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणा. बुडबुडे एकसारखे यायला हवेत. अडखळत आले तर श्वास नीट सुटत नाहीये. कंप ओठांत, गालांत जाणवला पाहिजे. गळ्यात ताण जाणवला तर जोर लावताय, आवाज कमी करा. जमलं की सूर खालून वर आणि वरून खाली सरकवा. चार-पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा, त्यातली एक पहिल्या तासाच्या आधी. स्ट्रॉमुळे तोंडात हवेचा दाब राहतो आणि तंतू हलकेच मिटतात. ती हलकी मिटणी नंतर शब्दांत, वाक्यांत आणायची असते. ते मात्र स्पीच थेरपिस्टसमोर बसूनच शिका.

घसा खाकरणं सोडा, हे सगळ्यात अवघड. खाकरलं की तंतू आपटतात, सूज वाढते, आणि पुन्हा काहीतरी अडकल्यासारखं वाटतं. त्याऐवजी घोटभर पाणी प्या किंवा आवंढा गिळा.

जेष्ठमधाने घशाला बरं वाटतं, पण गिळलेलं काहीच स्वरतंतूंपर्यंत पोचत नाही, ते अन्ननलिकेत जातं. पाण्याचा फायदाही शरीरातून, सावकाश होतो, म्हणून ते दिवसभर थोडं थोडं प्या. साध्या पाण्याची वाफ थेट पोचते.

वर्गात कमरेला लावायचा छोटा स्पीकर आणि हेडमाइक घ्या. पंख्याच्या घरघरीत आवाज आपोआप चढतो.

फरक पडायला आठ ते बारा आठवडे द्या, मग पुन्हा दुर्बीण. मध्येच श्वास लागला, गिळताना दुखलं किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर थांबू नका, लगेच कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा.